जुना जॅझ ऐकताना आणि जमवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या जॅझच्या रेकॉर्डबद्दल लोक मला पुन्हापुन्हा जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत. तेच तेच दोनदा लिहायचा मला कंटाळा आहे, म्हणून जिथे दोन उत्तरं एकमेकांत शिरतात तिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. 'क्लासिक जॅझ' म्हणजे नेमका कुठून कुठपर्यंतचा?

सुरुवातीबद्दल फारसा वाद नाही. २६ फेब्रुवारी १९१७ रोजी ओरिजिनल डिक्सिलँड जॅस बँडने न्यू यॉर्कमध्ये व्हिक्टर कंपनीसाठी दोन बाजू वाजवल्या. बाजारात आलेली जॅझची पहिली रेकॉर्ड ती. अर्थात, जॅझ त्याआधीही जोरात चालू होता. बडी बोल्डनच्या कॉर्नेटच्या (ट्रम्पेटचा आखूड भाऊ) आठवणी न्यू ऑर्लीन्सच्या कितीतरी वादकांनी सांगितल्या, पण त्याचा एक सूरही आज कुठल्या तबकडीवर ऐकायला मिळत नाही. शेवट कुठे करायचा यावर मात्र भांडणं होतात. काही कर्मठ मंडळी स्विंगपाशीच, म्हणजे १९३० च्या दशकातल्या मोठ्या बँडच्या नाचत्या जॅझपाशीच, दार लावून घेतात. मी १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत येतो, आणि खालची उत्तरं तेवढ्या काळासाठी आहेत.

२. मला जॅझमधलं ओ की ठो कळत नाही. पहिल्यांदा काय लावू?

लुई आर्मस्ट्राँगचं 'वेस्ट एंड ब्लूज'. शिकागो, २८ जून १९२८. सव्वातीन मिनिटांचं आहे, तेव्हा एका बैठकीत चार वेळा ऐकून होतं.

पहिल्या वेळी फक्त सुरुवात ऐका. साथ नाही, ताल नाही, एकटा ट्रम्पेट चढतो आणि पायऱ्या चुकवत खाली येतो. पंधरा सेकंदांच्या आत हे संपतं. दुसऱ्या वेळी आवर्तनं मोजा. चार मात्रांचा एक बार, असे बारा बार झाले की एक आवर्तन. याला जॅझवाले कोरस म्हणतात. पहिलं ट्रम्पेटचं. दुसरं ट्रॉम्बोनचं, त्याच्या मागे घोड्याच्या टापांसारखी टकटक चालू असते. तिसऱ्यात क्लॅरिनेट खालच्या पट्टीत बोलतो आणि आर्मस्ट्राँग शब्दांवाचून गाऊन त्याला उत्तर देतो. चौथं अर्ल हाइन्सच्या पियानोचं. पाचव्याला आर्मस्ट्राँग एकच वरचा सूर धरतो आणि चार बार सोडत नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी काही करू नका, नुसतं ऐका.

हे आवडलं तर तिथून दोन्ही बाजूंना जाता येतं: मागे कॉर्नेटवाल्या किंग ऑलिव्हरच्या बँडकडे, पुढे १९४० च्या ड्यूक एलिंग्टनच्या बँडकडे. नाही आवडलं तर ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू' अल्बमपासून उलटं या. त्यात एक गोम आहे, ती प्र. १० मध्ये.

३. जुन्या रेकॉर्डवरचं सगळं तीन मिनिटांतच का आटपतं?

कारण तबकडी संपते. दहा इंची, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं बसत. स्टेजवर तोच बँड तीच रचना दहा मिनिटं वाजवत असे. एलिंग्टनने १९३५ मध्ये 'रेमिनिसिंग इन टेम्पो' चार बाजूंवर तोडून बसवलं. ऐकणाऱ्याने मध्येच उठून तबकडी उलटायची, मग बदलायची. जून १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची, जास्त वेळ वाजणारी तबकडी म्हणजे एलपी आणली तेव्हा ही अडचण सुटली. तरी मला विचाराल तर तीन मिनिटांच्या शिस्तीने जॅझचं बरंच भलं केलं. एलपी आल्यावर काहींना थांबायचं कुठे हेच कळेना.

४. १९२३ च्या रेकॉर्ड विहिरीतून आल्यासारख्या का वाटतात? मशीन बिघडलंय का?

मशीन ठीक आहे. १९२५ च्या आधी रेकॉर्डिंगला मायक्रोफोनच नसे. वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर दाटीवाटीने बसत आणि त्यांच्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणात चर कोरत असे. मोठा ड्रम वाजवला तर सुई उडायची, म्हणून ड्रमरला लाकडी ठोकळ्यांवर भागवावं लागे. डबल बेसचा आवाज पोहोचतच नसे.

एप्रिल १९२३ मध्ये किंग ऑलिव्हरचा बँड इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीच्या स्टुडिओत गेला. शेजारून रेल्वे जात होती, गाडी आली की थांबायचं. तरुण आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट इतका दणदणीत होता की त्याला बाकीच्यांपासून बरंच मागे उभं केलं, असं त्या बँडमधल्यांनीच सांगून ठेवलंय. ही रेकॉर्ड लावताना मी आवाज थोडा कमी ठेवतो आणि पहिलं मिनिट कानाला सवय व्हायला देतो. नंतर त्यातला एकेक माणूस वेगळा दिसायला लागतो.

५. रीइश्यू म्हणजे जुनीच रेकॉर्ड पुन्हा छापलेली ना? मग एकाच अल्बमच्या इतक्या आवृत्त्या कशाला?

'पुन्हा छापलेली' या शब्दांत सगळी गंमत आहे. कशावरून छापलेली? १९४० च्या दशकाच्या शेवटापर्यंत टेप नव्हती. मूळ म्हणजे मेणाच्या चकतीवरून घडवलेले धातूचे साचे. ते जिथे शिल्लक आहेत तिथे त्यांवरून नवी प्रत निघते. जेनेटसारख्या कंपन्यांचे साचे उरलेच नाहीत, म्हणून ऑलिव्हरचा रीइश्यू म्हणजे कुणीतरी जपलेल्या तबकडीवर सुई टेकवून घेतलेली नोंद. ती तबकडी किती झिजलेली, सुई कोणती, फेरे किती, यावर सगळं अवलंबून.

टेपच्या काळातही तेच. मूळ टेप, तिची प्रत, प्रतीची प्रत, सीडीसाठी केलेलं डिजिटल मास्टर, यांपैकी कशावरूनही एलपी निघू शकते आणि मुखपृष्ठ तेच राहतं.

रीइश्यूची खटपट सुरू केली ती संग्राहकांनी, कंपन्यांनी नव्हे. १९३० च्या दशकाच्या मध्याला न्यू यॉर्कच्या मिल्ट गॅबलर यांनी कंपन्यांनी यादीतून काढून टाकलेल्या रेकॉर्ड पुन्हा दाबून घेतल्या आणि लेबलवर वादकांची नावंही छापली. १९४० मध्ये येल विद्यापीठात शिकणाऱ्या जॉर्ज अवाकियान यांना कोलंबियाने जुना साठा चाळायला बसवलं, तेव्हा आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्ह या बँडच्या कधीच बाहेर न आलेल्या बाजू हाती लागल्या.

६. चांगला रीइश्यू ओळखायचा कसा?

पुठ्ठ्यावर आतबाहेर काय छापलंय ते वाचा. रेकॉर्डिंगची तारीख, गाव, प्रत्येक वाद्यामागचा माणूस, मॅट्रिक्स नंबर (कंपनीने त्या रेकॉर्डिंगला दिलेला क्रमांक) आणि आवाज कुणी उतरवला त्याचं नाव, एवढं दिलेलं असेल तर करणाऱ्याने काम मनावर घेतलंय. नुसतं 'डिजिटली रीमास्टर्ड' आणि एक झकास फोटो असेल तर खाली ठेवा.

७८ च्या काळासाठी इंग्लंडच्या जॉन आर. टी. डेव्हिस यांचं नाव दिसलं की मी पुढचं वाचत नाही, घेऊन टाकतो. मायकेल कस्कुना आणि चार्ली लूरी यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उभ्या केलेल्या मोझेक कंपनीचे बॉक्स संच मर्यादित प्रतींचे असतात, पण त्यांच्या पुस्तिका वाचूनच अर्धं शिक्षण होतं. फ्रान्सच्या 'क्रोनॉलॉजिकल क्लासिक्स' मालिकेत एकेका वादकाचं काम तारखेच्या क्रमाने येतं. आवाजाचा दर्जा खालीवर आहे आणि दुसरे टेक (प्र. ८) सहसा नाहीत, तरी एखाद्याचा प्रवास समजून घ्यायला तिच्याइतकं सोयीचं काही नाही.

७. खरखर पूर्ण काढलेली आवृत्ती घ्यावी की ठेवलेली?

ठेवलेली. खरखर आणि झांजेचा झणत्कार एकाच पट्ट्यात राहतात, एकीला हाकललं की दुसरीही जाते. टिकटिक आणि फटफट मात्र काढलेली बरी, त्यात संगीत नसतं. परीक्षा सोपी आहे: क्लॅरिनेट उशी तोंडावर धरून वाजवल्यासारखा वाटला, किंवा दोन सुरांच्या मधली जागा एकदम मेल्यासारखी शांत झाली, तर सफाई हाताबाहेर गेली आहे. वरून हॉलचा खोटा घुमारा चढवलेल्या आवृत्त्याही आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

८. एकच गाणं सीडीवर लागोपाठ चार वेळा येतं. ही काय चूक आहे?

ते वेगवेगळे टेक आहेत. स्टुडिओत एकच रचना अनेकदा वाजवली जाई. कंपनीने निवडलेला तो मास्टर, बाकीचे ऑल्टरनेट टेक. सहसा ते फक्त अभ्यासूंच्या कामाचे, पण सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करच्या बाबतीत नाही, कारण त्याचा सोलो दर वेळी नव्याने घडतो.

२६ नोव्हेंबर १९४५ चं 'को-को' घ्या. पहिल्या टेकमध्ये सुरुवातीचा तुकडा संपतो आणि बँड सरळ 'चेरोकी'ची ओळखीची चाल वाजवू लागतो. तोच कुणीतरी त्यांना थांबवतं. चाल वाजवली असती तर मूळ रचनाकाराला पैसे द्यावे लागले असते, नुसत्या कॉर्डच्या सांगाड्याला ते लागत नाहीत, हे त्यामागचं कारण मानलं जातं. पुढच्या पूर्ण टेकमध्ये ती चाल गायब आहे आणि पार्कर थेट सोलोत उडी घेतो. हे दोन टेक पाठोपाठ ऐकले की बीबॉप, म्हणजे १९४० च्या दशकातला नवा वेगवान जॅझ, कशावर उभा राहिला ते कानालाच कळतं.

एरवी मात्र मी मूळ एलपीचा क्रम लावून ठेवतो. जादा टेक मध्येच घुसवणाऱ्या सीडीने बैठक मोडते.

९. मोनो घेऊ की स्टीरिओ?

१९५७ च्या आधीचं असेल तर मोनो, डोळे मिटून. १९६० च्या दशकात जुन्या मोनो रेकॉर्डिंगचा खर्ज एका बाजूला आणि तार दुसऱ्या बाजूला सारून 'स्टीरिओ' म्हणून विकायची साथ आली होती. पुठ्ठ्यावर 'इलेक्ट्रॉनिकली रीचॅनल्ड' असं काही दिसलं की ती तबकडी तशीच परत ठेवा.

१९५७ ते १९६० चं असेल तर दोन्ही ऐकून ठरवा. तेव्हाच्या स्टीरिओत कधीकधी सॅक्सोफोन एका भिंतीला आणि ड्रम दुसऱ्या भिंतीला चिकटलेले असतात, मधली खोली रिकामी.

या नियमाला एक अफलातून अपवाद आहे. फेब्रुवारी १९३२ मध्ये एलिंग्टनच्या दोन मेडली (अनेक रचना जोडून केलेल्या) वेगवेगळ्या जागी ठेवलेल्या दोन मायक्रोफोनांनी दोन वेगळ्या मेणांवर एकाच वेळी कोरल्या गेल्या. पन्नासेक वर्षांनी संग्राहकांच्या लक्षात आलं की या दोन प्रती जुळ्या नाहीत, डाव्या-उजव्या आहेत. त्या जुळवल्या आणि १९३२ चा बँड खऱ्या स्टीरिओत उलगडला.

१०. 'काइंड ऑफ ब्लू'च्या जुन्या प्रतीसोबत पियानो वाजवला तर सूर जुळत नाही. माझा टर्नटेबल वेगात फिरतोय का?

दुसरी बाजू लावून बघा. ती जुळत असेल तर दोष टर्नटेबलचा नाही. २ मार्च १९५९ च्या सेशनला मुख्य टेप मशीन किंचित हळू चाललं होतं. ती टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर चढा लागतो. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना त्या दिवशीच्या, दुसरी बाजू २२ एप्रिलची आणि बरोबर. त्याच वेळी चालू असलेल्या दुसऱ्या मशीनची टेप ठीक होती. तिच्यावरून दुरुस्ती झाली ती १९९२ मध्ये. म्हणजे तेहतीस वर्षं लोक चढ्या 'सो व्हॉट'वर रियाझ करत होते.

७८ च्या तबकड्यांत तर हे नेहमीचंच, त्या पंचाहत्तरपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत कोणत्याही वेगावर कोरल्या जात. तिथे एक क्लृप्ती चालते. ट्रम्पेट-क्लॅरिनेटवाल्यांना बी-फ्लॅट, ई-फ्लॅट, एफ या पट्ट्या सोयीच्या. रीइश्यूत बँड बी नॅचरलमध्ये, म्हणजे बी-फ्लॅटच्या अर्धा सूर वर, वाजताना आढळला तर वादकांआधी वेगावर संशय घ्या.

११. माझ्याकडे ब्लू नोटची जुनी एलपी आहे. ती पहिली आवृत्ती आहे का?

लेबल आणि त्याच्या भोवतालचा कोरा पट्टा भिंगातून बघा. १९६६ पर्यंत ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या रेकॉर्ड प्लॅस्टिलाइट कारखान्यात दाबल्या जात आणि त्या पट्ट्यात हाताने कोरल्यासारखी एक खूण असे. तिला संग्राहक 'कान' म्हणतात. शेजारी ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांची 'आरव्हीजी' किंवा पूर्ण आडनावाची खूण. कान नसेल तर ती प्रत मालकी लिबर्टी कंपनीकडे गेल्यानंतरची. नुसता कान असला म्हणजे पहिलीच आवृत्ती असं मात्र नाही. लेबलवरचा पत्ता कोणता, लेबलवर खोल गोल चर आहे का, असे पुढचे दाखले जुळवावे लागतात आणि प्रत्येक अल्बमचे वेगळे.

आता एक अप्रिय गोष्ट. ऐकण्यासाठी पहिली आवृत्तीच लागते हा समज सोडून द्या. व्हॅन गेल्डर यांनी हॅकेनसॅकला आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात टिपलेला आवाज मूळ टेपवरून नीट केलेल्या नव्या एलपीत छान येतो. साठ वर्षं पार्ट्यांत घासलेली पहिली आवृत्ती कपाटात शोभते.

१२. 'व्हीजी' म्हणजे व्हेरी गुड, मग तरी इतकी चरचर कशी?

कारण जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्यांच्या प्रतवारीत व्हेरी गुड म्हणजे बेताची. ऐकायला खरंच चांगली हवी तर व्हीजी प्लस किंवा निअर मिंट. आणि 'गुड' म्हणजे वाजेल एवढंच.

१३. घरात ७८ च्या तबकड्या सापडल्या. नेहमीच्या टर्नटेबलवर लावू का? आणि पुसू कशाने?

टर्नटेबलवर ७८ चा वेग असला तरी नेहमीच्या सुईने लावू नका. ७८ चा चर रुंद असतो, त्याला साधारण ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते. एलपीची स्टीरिओ सुई १८ मायक्रॉनच्या आसपास. ती तळाशी जाऊन घाणीतून घरंगळत राहते आणि ऐकू येतो तो कचरा.

पुसण्याबद्दल: स्पिरिट, अल्कोहोल किंवा ते असलेलं कुठलंही द्रावण नको. या तबकड्यांत शेलॅक म्हणजे लाख असते आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. हे मी वाचून नाही, करून शिकलो. कापसाच्या बोळ्याने एक काळी चकचकीत तबकडी मन लावून पुसली. बोळा तपकिरी झाला तेव्हा वाटलं, केवढी ही घाण! ती घाण नव्हती, संगीत होतं. साधं गार डिस्टिल्ड पाणी, थेंबभर सौम्य साबण, मऊ ब्रश, लेबल कोरडं, आणि लगेच टिपून घ्या. ठेवायच्या उभ्या.

१४. ऑल ॲनालॉग लिहिलेली एलपी सीडीपेक्षा नक्कीच चांगली ना?

'नक्कीच' नाही. ऑल ॲनालॉग म्हणजे टेपपासून तबकडीपर्यंत कुठेही डिजिटल पायरी नाही, असा दावा. २०२२ मध्ये उघड झालं की एका नावाजलेल्या कंपनीच्या महागड्या एलपींमध्ये अनेक वर्षं डिजिटल पायरी होती. तोवर तिखट कानाच्या म्हणवणाऱ्यांना ती ऐकू आली नव्हती. मूळ टेप आणि मास्टरिंग करणाऱ्याचा कान, या दोन गोष्टी माध्यमापेक्षा मोठ्या. १९२० आणि ३० च्या दशकासाठी तर मी सीडीच सुचवेन.

१५. पार्कर आणि ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी १९४३ मध्ये अर्ल हाइन्सच्या बँडमध्ये एकत्र होते म्हणतात. ती रेकॉर्ड कुठे मिळेल?

मिळणार नाही. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने रेकॉर्डिंगवर बहिष्कार घातला होता. डेक्का कंपनीने १९४३ मध्ये तडजोड केली, व्हिक्टर आणि कोलंबिया नोव्हेंबर १९४४ पर्यंत अडून राहिले. बीबॉप नेमका त्याच काळात शिजला. सैनिकांसाठी काढलेल्या व्ही-डिस्कना सूट होती, त्यामुळे तेवढी खिडकी उघडी राहिली. १९४२ चा स्विंग आणि १९४५ चा पार्कर पाठोपाठ ऐकताना मध्ये पायरी गळल्यासारखी वाटते, ती यामुळे.

१६. लाइव्ह रेकॉर्ड तरी जशी वाजली तशीच असते ना?

मलाही तसंच वाटायचं. १९५६ च्या न्यूपोर्ट महोत्सवात एलिंग्टनच्या बँडमध्ये पॉल गोन्साल्व्हिसने टेनर सॅक्सोफोनवर सत्तावीस कोरस घेतले आणि लोक खुर्च्यांवर उभे राहिले. पण तो उभा होता चुकीच्या मायक्रोफोनसमोर. तो मायक्रोफोन होता व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओचा, त्यामुळे कोलंबियाच्या एलपीवर त्याचा सोलो लांबून येतो. त्यात भर म्हणजे एलपीतला काही भाग नंतर स्टुडिओत वाजवून त्याला टाळ्या जोडलेल्या होत्या. रेडिओची टेप पुढे सापडली आणि दोन्ही जुळवून १९९९ मध्ये पूर्ण कार्यक्रम आला. हा मात्र घ्याच.

टोरंटोच्या मॅसी हॉलची १५ मे १९५३ ची मैफलही अशीच. बेस ऐकूच येत नव्हता, म्हणून चार्ल्स मिंगसने तो नंतर स्टुडिओत वरून वाजवला. दोन्ही रूपं बाजारात आहेत. पार्करचा करार दुसऱ्या कंपनीशी होता, म्हणून पुठ्ठ्यावर त्याचं नाव 'चार्ली चॅन'.

उलट बाजूने, पियानोवाल्या बिल एव्हान्सच्या २५ जून १९६१ च्या, न्यू यॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबातल्या बैठकीची संपूर्ण आवृत्ती ऐका. पहिलीच रचना चालू असताना वीज जाते, आवाज तुटतो, परत येतो. मूळ एलपीत हा टेक नव्हताच. अकरा दिवसांनी बेसवादक स्कॉट लाफारो अपघातात गेला. ती तुटलेली रचना मी वगळून पुढे जाऊ शकत नाही.

१७. 'नव्याने सापडलेली' रेकॉर्डिंग खरी असतात की जाहिरात?

दोन्ही. पियानोवाला थेलोनियस मंक आणि सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन यांची २९ नोव्हेंबर १९५७ ची कार्नेगी हॉलची टेप २००५ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या कपाटातून निघाली. आवाज असा की काल टिपल्यासारखा. असं फार क्वचित घडतं. बहुतेकदा सापडतं ते रेडिओवरून घरी उतरवलेलं किंवा क्लबात एका कोपऱ्यातून टिपलेलं. त्या वादकाचं बाकी सगळं ऐकून झालं असेल तरच तिकडे वळा.

१८. एकाच अल्बमच्या डझनभर स्वस्त युरोपी आवृत्त्या दिसतात. त्या चोरीच्या असतात का?

कायद्याने तिथे बहुतेक नाहीत. युरोपात ध्वनिमुद्रणाचा हक्क पन्नास वर्षांचा होता. २०११ च्या निर्णयाने तो सत्तर झाला, पण १९६२ पर्यंत प्रसिद्ध झालेलं तोवर खुलं होऊन गेलं होतं. म्हणून १९५० च्या दशकातलं सगळं तिथे कुणीही छापतं. अमेरिकेत हिशोब वेगळा: १९२३ ते १९४६ चं ध्वनिमुद्रण शंभर वर्षांनी खुलं होतं. कायदेशीर असणं आणि मूळ टेप हाती असणं या वेगळ्या गोष्टी. अशा आवृत्त्या पुष्कळदा कुणाच्या तरी सीडीवरूनच उतरवलेल्या असतात. प्र. ६ ची कसोटी लावा.

१९. एकच बँड पाच नावांनी दिसतो. लावायचा कुठे?

एलिंग्टननेच छळलंय. कंपनी बदलली की तो कधी 'जंगल बँड', कधी 'हार्लेम फुटवॉर्मर्स', कधी 'हूपी मेकर्स'. त्यात त्याचं १९४० चं 'को-को' आणि प्र. ८ मधलं पार्करचं 'को-को' यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. मी प्रमुखाच्या नावाने खण करतो आणि आत तारखेने लावतो. तारीख सापडत नसेल तर मॅट्रिक्स नंबर सँटा बार्बरा इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या जुन्या अमेरिकी ध्वनिमुद्रणांच्या ऑनलाइन सूचीत टाकून बघा.

मॅसी हॉलच्या मैफलीला प्रमुख नव्हताच, पाचही जण बरोबरीचे. माझ्याकडे ती मिंगसच्या खणात आहे. बेस दोनदा वाजवलाय त्याने.